पंडित, चंद्रकांत सीताराम

(३० सप्टेंबर १९६१ –  ). भारताचे माजी यष्टिरक्षक-फलंदाज आणि देशांतर्गत क्रिकेटमधील एक अग्रगण्य प्रशिक्षक. त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन संघांनी मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकला. यांपैकी मुंबईला विजयाची सवय होती. विदर्भ व मध्य प्रदेश यांनी मात्र त्यापूर्वी हा करंडक एकदाही जिंकलेला नव्हता. खेळाडू म्हणून पंडित यांची कारकीर्द चांगली, पण मर्यादित होती. प्रशिक्षक म्हणून ती असामान्य ठरली. एखाद्या सामान्य समजल्या जाणाऱ्या संघाच्या यशात प्रशिक्षकाचा वाटा नेमका किती, या प्रश्नाचा विचार भारतात करावयाचा झाल्यास पंडित यांच्या कारकीर्दीकडे प्रथम पाहावे लागते.

पंडित यांचा जन्म मुंबईत झाला. दादरच्या शिवाजी पार्क मैदानावर रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) यांच्या हाताखाली ते घडले. आचरेकर यांना स्वतःला प्रथमश्रेणीचा एकच सामना खेळावयास मिळाला. परंतु त्यांच्या शिष्यांत बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर, अमोल मुझुमदार अशी नावे आढळतात. त्यांच्या शिक्षणाचा विशेष असा, की जाळीतील सरावापेक्षा प्रत्यक्ष सामन्यांवर त्यांचा अधिक भर असे. एका मैदानावर बाद झालेल्या मुलाला दुसऱ्या मैदानावर फलंदाजीस उभे करावयाचे, ही त्यांची रीत प्रसिद्धच आहे. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते आणि तोंडावर स्तुती सहसा करीत नसत. पुढे पंडित यांच्या पद्धतीविषयी जे बरेवाईट बोलले गेले, त्याचे मूळ पुष्कळसे या मैदानात सापडते.

पंडित खेळू लागले त्या काळी भारतात क्रिकेट हा पूर्णवेळचा व्यवसाय नव्हता. खेळाडू बँका, रेल्वे, तेलकंपन्या वा कापडगिरण्या यांच्या नोकरीत असत आणि त्या त्या संस्थेच्या संघातून ‘टाइम्स शील्ड’सारख्या कार्यालयीन स्पर्धा खेळत. मुंबईच्या संघात स्थान मिळविणे हीच मोठी कसोटी असे, कारण तेथे प्रत्येक जागेसाठी दोनतीन तोलाचे खेळाडू उभे असत. या स्पर्धेतून एक हट्टी, सहजासहजी हार न मानणारी खेळवृत्ती मुंबईत तयार झाली. क्रिकेटच्या बोलीत तिला ‘खडूस’ हे विशेषण चिकटले आहे. एरवी दूषणवाचक असलेला हा शब्द मुंबईचे खेळाडू अभिमानाने मिरवतात.

पंडित यांचे कसोटी पदार्पण जून १९८६ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे झाले. संघात किरण मोरे हे यष्टिरक्षक असल्यामुळे पंडित यांना केवळ फलंदाज म्हणून घेण्यात आले होते. भारताने तो सामना २७९ धावांनी व मालिका २–० अशी जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रास (चेन्नई) येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध जो बरोबरीत सुटलेला ऐतिहासिक कसोटी सामना झाला, त्यातही ते होते. त्या सामन्यात त्यांनी ३५ व ३९ धावा केल्या. यांतील ३९ ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या होय. १९८७ च्या विश्वचषक स्पर्धेतील इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडल्यामुळे त्यांना वानखेडे मैदानावर खेळण्याची संधी मिळाली. त्यांनी २४ धावा केल्या, परंतु भारत ३५ धावांनी हरला. १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी पुन्हा कसोटी सामने खेळले आणि तेथेच त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द जवळजवळ संपली. एकूण ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने एवढाच तिचा पसारा आहे. किरण मोरे यांच्यासारखा तरबेज यष्टिरक्षक समकालीन असणे हे त्याचे प्रमुख कारण होय. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांनी आठ हजारांवर धावा केल्या व त्यांत २२ शतके होती. आजच्या मापाने पाहता एवढी फलंदाजी करणाऱ्या यष्टिरक्षकाला भारतीय संघात याहून अधिक वाव मिळाला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

कारकीर्दीच्या उत्तरार्धात ते व्यावसायिक खेळाडू म्हणून मध्य प्रदेशाकडून खेळू लागले व पुढे त्या संघाचे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या हंगामात त्यांनी मध्य प्रदेशाला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध झालेल्या त्या सामन्यात मध्य प्रदेशाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळविली होती. रणजी स्पर्धेत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो; म्हणजे अखेरच्या दिवशी नुसते टिकून राहिले असते तरी करंडक त्यांचाच होता. परंतु विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे संघ १५० धावांत कोसळला आणि ९६ धावांनी हरला. हा पराभव पंडित यांच्या मनात दीर्घकाळ राहिला, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

प्रशिक्षक म्हणून त्यांच्या कामाचे मूल्यमापन करण्यापूर्वी क्रिकेटमधील प्रशिक्षकाचे स्थान समजून घेणे आवश्यक आहे. बास्केटबॉलसारख्या खेळात प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभा असतो. तो खेळ थांबवून विश्रांतिकाळ मागू शकतो, खेळाडू वाटेल तेव्हा बदलू शकतो आणि चालू खेळात डावपेच सांगू शकतो. खेळाची सूत्रे इतकी त्याच्या हाती असतात, की अमेरिकेतील बिल रसेल यांनी १९६६ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षकपद स्वीकारले आणि खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदे जिंकली. लेनी विल्किन्स यांना तर अमेरिकेच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात खेळाडू (१९८९) आणि प्रशिक्षक (१९९८) म्हणून स्वतंत्रपणे स्थान मिळाले. क्रिकेटमध्ये याच्या उलट स्थिती आहे. नाणेफेकीनंतर सामना कर्णधाराचा असतो. गोलंदाज बदलणे, क्षेत्ररक्षण लावणे, डाव घोषित करणे हे निर्णय तोच घेतो आणि प्रशिक्षक प्रेक्षागारातून पाहत राहतो. त्यामुळे क्रिकेटच्या प्रशिक्षकाला जे काही करावयाचे ते सामन्यापूर्वीच करावे लागते : संघनिवडीत, सरावात आणि खेळाडूंची मने तयार करण्यात. भारतात तर हे पदच उशिरा रुजले. दौऱ्यावरील संघाबरोबर व्यवस्थापक असे. राष्ट्रीय संघाला जॉन राइट यांच्या रूपाने पहिला परदेशी प्रशिक्षक मिळाला तो २००० साली आणि बंगळूर येथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीही त्याच वर्षीची.

पंडित या क्षेत्रात आले ते याच सुमारास. मुंबईचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००२-०३ व २००३-०४ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक मिळविला. दोन्ही अंतिम सामन्यांत तमिळनाडूचा पराभव झाला. मधल्या काळात त्यांनी अन्य राज्यसंघांबरोबरही काम केले. २०१५-१६ च्या हंगामात ते पुन्हा मुंबईकडे आले आणि त्या वर्षी पुण्याजवळील गहुंजे येथे सौराष्ट्राला एक डाव २१ धावांनी हरवून मुंबईने आपले ४१ वे अजिंक्यपद मिळविले. पुढच्याच वर्षी इंदूर येथे गुजरातने मुंबईला अंतिम सामन्यात ५ गडी राखून हरविले. त्यानंतर मुंबईने पंडित यांना पुढे ठेवले नाही. अंतिम सामना गाठणारा प्रशिक्षकही जेथे अपयशी ठरतो, अशी मुंबईची अपेक्षा असते. त्या निर्णयाचा लाभ मात्र विदर्भाला झाला.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक स्पर्धेत आहे. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ प्रथम मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला, तरी त्याची क्रिकेट संघटना स्वतंत्र राहिली. त्यामुळे एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ रणजी स्पर्धेत उतरतात. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, चंद्रपूर आदी विदर्भातील जिल्हे विदर्भ क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात. सुमारे साठ वर्षांच्या वाटचालीत या संघाने अंतिम सामना एकदाही गाठला नव्हता आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू उमेश यादव हा भारताकडून कसोटी खेळला तोही २०११ मध्ये. मोठ्या संघांच्या गुणतक्त्यात हमखास गुण मिळवून देणारा प्रतिस्पर्धी, एवढीच त्याची ओळख दीर्घकाळ होती.

तथापि, पंडित येण्यापूर्वीच येथे पायाभरणी झालेली होती, हे नमूद केले पाहिजे. नागपूर–वर्धा रस्त्यावर (हाच रस्ता पुढे बुटीबोरी, सेलू, पवनार असा वर्ध्यास जातो) जामठा येथे २००८ मध्ये नवे क्रीडांगण तयार झाले. संघटनेने अकादमी चालविली, वयोगटांतील संघांकडे लक्ष पुरविले आणि माजी भारतीय वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य यांनी क्रिकेट विकासाच्या कामात पुढाकार घेतला. गोलंदाजांना सुब्रतो बॅनर्जी यांचे मार्गदर्शन होते. कर्नाटकाचा गणेश सतीश आणि मुंबईचा वासिम जाफर हे व्यावसायिक खेळाडू म्हणून संघात आलेले होते. साहित्य जमलेले होते. कमतरता होती ती आपण जिंकू शकतो या विश्वासाची. पंडित यांनी २०१७ मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा संघाचा कर्णधार फैज फजल हा होता.

२०१७-१८ चा हंगाम विदर्भाच्या क्रिकेट इतिहासात स्वतंत्र प्रकरण व्हावा असा आहे. उपांत्यपूर्व सामन्यात केरळला ४१२ धावांनी नमविल्यावर कोलकात्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर कर्नाटकाशी गाठ पडली. पहिल्या डावात विदर्भ १८५ धावांत बाद झाला आणि कर्नाटकाने ३०१ धावा करून ११६ धावांची आघाडी घेतली. जुना विदर्भ येथेच संपला असता. परंतु दुसऱ्या डावात संघाने ३१३ धावा उभारल्या आणि १९८ धावांच्या लक्ष्यामागे धावणारा कर्नाटकाचा संघ १९२ धावांत बाद झाला. अवघ्या पाच धावांच्या या विजयात रजनीश गुरबाणी या वेगवान गोलंदाजाने दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले. त्यांतील ७ दुसऱ्या डावातील होते. गुरबाणी हा अभियांत्रिकीचा पदवीधर. इंदूर येथे दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी मिळविले. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी केवळ तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी १९७२-७३ मध्ये केला होता. दिल्लीच्या २९५ धावांना उत्तर देताना विदर्भाने ५४७ धावा केल्या. त्यात यष्टिरक्षक अक्षय वाडकर याचे १३३ हे त्याचे पहिलेच प्रथमश्रेणी शतक होते. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने ९ गडी राखून सामना जिंकला. फैज फजलने त्या हंगामात ९१२ धावा केल्या आणि गुरबाणीने ३९ बळी घेतले. पुढे मार्चमध्ये नागपूर येथे इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध विदर्भाने ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला. त्यात चाळिशीतील जाफरच्या २८६ धावा होत्या.

एखादे अजिंक्यपद योगायोगानेही मिळते, असे म्हणणाऱ्यांना पुढील हंगामाने उत्तर दिले. २०१८-१९ मध्ये जाफरने हजारावर धावा केल्या, उमेश यादवने उपांत्य सामन्यात केरळचे १२ गडी बाद केले आणि जामठा येथील अंतिम सामन्यात सौराष्ट्राचा ७८ धावांनी पराभव झाला. त्या सामन्याचा नायक नागपूरचा डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे हा होता. त्याने ११ बळी तर घेतलेच. शिवाय त्या काळी बहरात असलेल्या चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एका धावेपलीकडे जाऊ दिले नाही. त्यानंतर विदर्भाने इराणी करंडकही राखला आणि पारितोषिकाची रक्कम पुलवामा येथील हल्ल्यात मरण पावलेल्या जवानांच्या कुटुंबीयांना दिली. २०१९-२० मध्ये मात्र संघ बाद फेरीपर्यंत पोहोचू शकला नाही. त्या हंगामानंतर पंडित विदर्भातून बाहेर पडले.

मार्च २०२० मध्ये त्यांनी मध्य प्रदेशाची जबाबदारी स्वीकारली. या प्रदेशाला मोठी परंपरा होती, कर्नल सी. के. नायुडू यांच्या काळातील होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला होता. परंतु मध्य प्रदेश या नावाने तो कधीच मिळाला नव्हता. करोनाच्या साथीमुळे २०२०-२१ ची स्पर्धा झालीच नाही. तो रिकामा काळ पंडित यांनी शिबिरांसाठी वापरला. २०२१-२२ चा अंतिम सामना जून २०२२ मध्ये झाला, तो बंगळूरच्या त्याच चिन्नास्वामी मैदानावर आणि मुंबईविरुद्ध. आवेश खान व वेंकटेश अय्यर हे नामवंत खेळाडू मध्य प्रदेशाला उपलब्ध नव्हते. मुंबईच्या ३७४ धावांपुढे मध्य प्रदेशाने यश दुबे (१३३), शुभम शर्मा (११६) व रजत पाटीदार (१२२) यांच्या शतकांच्या जोरावर ५३६ धावा केल्या आणि अखेर ६ गडी राखून विजय मिळविला. तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जेथे हार पत्करली, तेथेच प्रशिक्षक म्हणून विजय मिळाल्यावर एरवी भावना न दाखविणारे पंडित यांना अश्रू आवरले नाहीत. मुंबईचे प्रशिक्षक त्या वेळी अमोल मुझुमदार होते. म्हणजे दोन्ही बाजूंना आचरेकरांचेच शिष्य होते.

पंडित यांच्या पद्धतीत तंत्राच्या सूक्ष्म दुरुस्तीपेक्षा शिस्तीला अग्रस्थान आहे. वेळेचे काटेकोर पालन, नवख्या व अनुभवी खेळाडूंना एकच नियम, सामन्यातील परिस्थिती कल्पून तीनुसार करावयाचा सराव आणि प्रत्येकाला त्याच्या कामाची स्पष्ट जाणीव करून देणे, ही तिची अंगे होत. यष्टिरक्षक प्रत्येक चेंडू सर्वांत जवळून आणि समोरून पाहतो. फलंदाजाचे पाय, गोलंदाजाचे मनगट, क्षेत्ररक्षकांची जागा हे सर्व त्याच्या एका दृष्टिक्षेपात असते. पंडित यांच्या निरीक्षणशक्तीचे श्रेय काही अंशी या जागेला द्यावे लागेल.

ही पद्धत सर्वत्र सारखीच लागू पडत नाही. रणजी संघातील तरुणाला कारकीर्द घडवावयाची असते. त्याच्यापुढे कठोर शिक्षक उभा राहिला तर तो ते सोसतो, किंबहुना त्याला तेच हवे असते. इंडियन प्रीमियर लीगमध्ये (आयपीएल) स्थिती वेगळी आहे. तेथे दोन महिन्यांसाठी देशोदेशीचे प्रस्थापित खेळाडू एकत्र येतात आणि आपले तंत्र व दिनक्रम बरोबर घेऊन येतात. पंडित यांना कोलकाता नाइट रायडर्स संघाने ऑगस्ट २०२२ मध्ये मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिल्या वर्षी संघ सातव्या स्थानी राहिला आणि त्यांच्या कडक शिस्तीविषयी परदेशी खेळाडूंच्या गोटातून नाराजीचे सूर उमटले. २०२४ मध्ये मात्र संघाने साखळीत अग्रस्थान मिळविले आणि चेन्नई येथील अंतिम सामन्यात सनरायझर्स हैदराबादला ११३ धावांत गुंडाळून ८ गडी राखून अजिंक्यपद पटकाविले. श्रेयस अय्यर कर्णधार व गौतम गंभीर मार्गदर्शक होते. या यशाचे श्रेय वाटताना बहुतेक समीक्षकांनी गंभीर यांना मोठा वाटा दिला. पंडित यांच्या वाट्याला आलेला भाग त्यामानाने कमीच म्हणावा लागेल. पुढील वर्षी संघ आठव्या स्थानी घसरला आणि जुलै २०२५ मध्ये उभयतांचा संबंध संपला.

त्यांच्या कामावर आणखी एक आक्षेप घेतला जातो : ते दोनतीन वर्षांत यश मिळवून देतात, पण त्यांच्यामागे ते टिकते का? विदर्भापुरते पाहिल्यास याचे उत्तर पुढील काळात मिळाले. काही हंगाम मागे पडल्यावर २०२३-२४ मध्ये विदर्भाने उपांत्य सामन्यात मध्य प्रदेशालाच ६२ धावांनी हरविले आणि अंतिम सामन्यात मुंबईकडून हार पत्करली. २०२४-२५ मध्ये नागपूर येथे केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक विदर्भाकडे आला. करुण नायर हा कर्नाटकाचा खेळाडू त्यात चमकला, तरी दानिश मालेवार व हर्ष दुबे हे विदर्भातच घडलेले तरुण होते. यांपैकी दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेतील नवा उच्चांक केला. प्रशिक्षक उस्मान गनी हे विदर्भाचेच माजी खेळाडू होते आणि कर्णधार होता अक्षय वाडकर, इंदूरच्या अंतिम सामन्यात पहिले शतक झळकावणारा यष्टिरक्षक.